वीतभर माती आणि पाणी मागणारा हात

कौसल्याताई थूल यांना मी प्रथम पाहिले ते वर्ध्याला, रेल्वे लाइनपलीकडच्या त्यांच्या कामाच्या शेडमध्ये. चित्रकला शिक्षकाची पदविका पुरी करून मी नोकरीची वाट पाहत होतो. एक बाई मोठमोठे पुतळे करतात आणि त्यांना हाताखाली माणूस हवा आहे, एवढेच कुणीतरी सांगितले होते. मोठे पुतळे जवळून पाहायला मिळतील या आशेने मी गेलो. शेडमध्ये पुतळा एकही नव्हता. एका स्टुलावर ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेले होते. ताईंनी फडके उचलले. आत मातीचा वीतभर उंचीचा माणूस उभा होता, काठी टेकून.

"कसं दिसते?" त्यांनी विचारले.

"छान दिसते," मी म्हणालो.

"कुठून?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "उभा राहून पाहून राह्यला तू. हा मानूस चौथऱ्यावर जाईन, तू रस्त्यावर राहशीन. खाली बस."

मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसलो. खालून पाहिल्यावर त्या माणसाची हनुवटी तेवढी दिसत होती. छाती पुढे आली होती आणि चेहरा तिच्यामागे गडप झाला होता.

"आता?"

"चेहरा दिसत नाही."

"मंग छान कसं म्हनलं?"

काम मिळाले की नाही हे न कळताच मी निघालो. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "उद्या येजो. जुने कपडे घालून येजो." ताईंच्या हाताखाली माझी जी वर्षे गेली त्यांची सुरुवात अशी झाली.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या स्वभावावर, त्यांच्या शाळेतल्या दिवसांवर, चळवळीतल्या सहभागावर लिहिणारी अधिकारी माणसे आहेत. माझ्याकडे संपादकांनी त्यांच्या कामाची पद्धत सोपवली आहे. मोठे शिल्प उभे राहण्याआधी ताई काय करतात, आणि ते का करतात, एवढेच मी सांगणार आहे. त्यात ओघाने त्यांचा स्वभाव येईल तो येईल.

थोडे मागचे सांगावे लागेल. ताईंचा जन्म हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातला. वडील जिनिंगमध्ये हमाली करीत. धम्मदीक्षा घेऊन आईवडील नागपूरहून परतले तेव्हा ताई शाळेत नुकत्याच जाऊ लागल्या होत्या. त्या काळी तान्ह्या पोळ्याला गावातली पोरे लाकडी बैल घेऊन मिरवत. थुलांच्या घरी लाकडी बैल नव्हता, म्हणून ताईंनी शेतातल्या काळ्या मातीचा केला. तो वाळला आणि मधोमध तडकला. पुढच्या खेपेला त्यांनी गावातल्या कुंभारणीकडे जाऊन माती कशी मळतात ते पाहिले. ताई हे सांगतात तेव्हा त्यात कौतुकाचा सूर नसतो. काळी माती तडकते, एवढी माहिती त्यांना त्यातून द्यायची असते. पुढे शिष्यवृत्तीवर नागपूरला शिल्पकलेचे शिक्षण झाले, मग वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकलेची नोकरी, आणि शाळा सुटल्यावर शेड.

आता पद्धत. पहिल्या दिवसांत ताई माती हातात घेत नाहीत. त्या कोळशाने रेखाटने करतात, आणि ती बहुतेक पाठमोरी असतात. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसांच्या पाठी काढत बसलेल्या ताई मी अनेकदा पाहिल्या आहेत. मी एकदा विचारले, चेहरे का नाही काढत? त्या म्हणाल्या, "चेहरा मानूस सांभाळते. पाठ कोन सांभाळते?" चौकातला पुतळा चारही बाजूंनी पाहिला जातो, आणि पुष्कळदा एसटीची वाट पाहणारी माणसे नेमकी त्याच्या मागेच उभी असतात, हेही त्यांच्या मनात असते. त्यामुळे ताईंनी घडवलेल्या पुतळ्यांच्या पाठी कधी सपाट नसतात. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांनी मुद्दाम मागे जाऊन पाहाव्यात.

रेखाटनांनंतर नमुना. हा शब्द ताईंचाच. आत तारेचा सांगाडा, वर कुंभाराची माती, उंची वीत-दीड वीत. एकाच कामाचे तीन-चार नमुने होतात. ते विटांच्या उतरंडीवर ठेवून, खाली बसून, उकिडवे होऊन, कधी आडवे पडून पाहिले जातात. पुतळा जिथे बसणार तिथला चौक फळीवर मांडला जातो: काडेपेट्यांची दुकाने, खडूचा विजेचा खांब, सुतळीचा रस्ता. मग त्यापेक्षा मोठा, पुऱ्या कामाच्या निम्मा नमुना. त्यावरून मापे घेऊन, ओळंबे सोडून, लोखंडी सांगाड्यावर पूर्ण मापाची माती चढते. त्यानंतर प्लास्टरचा साचा आणि शेवटी ओतकाम.

अनेकांना वाटते की नमुना म्हणजे लहान पुतळा आणि पुतळा म्हणजे मोठा नमुना. तसे असते तर काम सोपे झाले असते. वीतभर मातीचे वजन तार पेलते. तोच हात पुरुषभर झाला की त्याचे वजन खांदा ओढून खाली आणते. टेबलावर नजरेसमोर असलेला चेहरा डोक्यावर गेला की वेगळाच माणूस होतो. म्हणून नमुना वाढवताना तो बदलावा लागतो, आणि किती बदलायचा हे ठरवण्यासाठीच नमुना करायचा. ही गोष्ट ताईंनी मला शब्दांत कधी समजावली नाही. मी हाताखाली लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या मला एसटीने जिल्ह्यातल्या एका गावी घेऊन गेल्या. तिथे त्यांनी तरुणपणी घाईत केलेला एक पुतळा आहे. समोरच्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, बसवून त्या म्हणाल्या, "पाह्य. यात काय काय चुकलं ते सांग." मी भीत भीत सांगत गेलो. डोके लहान, गुडघे जड, हात अंगाला चिकटलेला. त्या प्रत्येक वेळी मान डोलावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अजून एक राह्यलं. तो कोनालेच पाहून नाई राह्यला." मग आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

इथे एक घरगुती प्रसंग सांगतो. आमचे घर तळेगाव श्यामजी पंतचे. थोडी शेती, संत्र्याची बाग. वडिलांना माझे हे काम मुळीच पसंत नव्हते. मास्तरकीचा अर्ज करायचे सोडून पोरगा वर्ध्याला माती कालवतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा त्यांनी मला गावी बोलावून घेतले आणि परत जाऊ दिले नाही. काही दिवसांनी ताई स्वतः आमच्या घरी आल्या. वडील अंगणात संत्री निवडत बसले होते. त्यांनी ताईंना बाज दाखवली आणि काम चालू ठेवले. पिशवीतून वही काढून ताई वडिलांचे हात काढू लागल्या.

आत आई आणि काकू यांच्यात चहा कोणत्या कपात द्यायचा यावर कुजबुज झाली. ती अंगणात ऐकू आली. मला ऐकू आली म्हणजे ताईंनाही आली असणार. त्यांनी मान वर केली नाही. कोळसा कागदावर फिरत राहिला. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली ती घरात आम्ही रोज वापरतो तेच कप घेऊन, आणि ताईंच्या शेजारी बाजेवर बसून तिने स्वतःचाही चहा घेतला.

वडिलांनी शेवटी कागद मागितला. बराच वेळ पाहिला.

"हे बोट," ते म्हणाले, "हे पोहऱ्याच्या दोरात सापडलतं. वाकडं राह्यलं. बरोबर आलं इथी."

"हाव," ताई म्हणाल्या. "ते पोरगंही असंच पाहते, भाऊ. त्याले नजर हाय. मास्तरकी लागली तं करू द्या, पन हे सोडू देऊ नका."

वडील हसले नाहीत. "घेऊन जा मंग," एवढे म्हणाले. मला पुढे आर्वीला शाळेत नोकरी लागली, आणि दर सुट्टीत शेड चालू राहिले.

आता ज्या कामाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे तिकडे वळतो. ते काही वर्षांपूर्वीचे, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावचे आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिथे झालेले वाद आता मिटले आहेत. या गावात भागाआई नावाची दाई होऊन गेली. दवाखाना लांब होता त्या काळात गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरचे बाळंतपण तिने केले, शेतकऱ्यांच्या आळीतले आणि बौद्ध वस्तीतलेही. ती स्वतः बौद्ध वस्तीतली. तिच्या हातून जन्मलेली माणसे आता म्हातारी होत आली होती. त्यांनी ठरवले की गावाच्या चौकात तिचा पुतळा बसवायचा. समितीचे पुढारपण बाबाराव नावाच्या शेतकऱ्याकडे होते. भागाआईचा फोटो कुणाकडेच नव्हता. तिची नात संघमित्रा जवळच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. चेहऱ्यासाठी ताईंनी तिचा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींचा आधार घेतला.

ताईंनी तीन नमुने केले. आम्ही ते ओल्या फडक्यात गुंडाळून, फळांच्या पेटीत घालून, जामच्या फाट्यापर्यंत एसटीने आणि तिथून ऑटोने नेले. समाजमंदिरात सगळे जमले होते. पहिल्या नमुन्यात भागाआई उभी होती. दुसऱ्यात ती कंदील घेऊन चालत होती. तिसऱ्यात ती जमिनीवर पाय पसरून बसली होती, पायांच्या नळ्यांवर पालथे बाळ, आणि दोन्ही हात बाळाच्या पाठीवर. म्हातारी माणसे पहिल्या दोन नमुन्यांकडे न पाहता सरळ तिसऱ्याकडे गेली. बाबारावांनी वाकून त्या मातीच्या पायांना बोट लावले.

"हेच," ते म्हणाले. "मले याच पायावर न्हाऊ घातलं तिनं. दुसरं काही करू नका ताई."

तेवढ्यात मागून संघमित्रा पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, तुमाले तिनं न्हाऊ घातलं. पन तुमच्या वसरीवर तिले चढू देलं काय? मागच्या दारानं आली, अंगनात बसली, मागच्या दारानं गेली. माह्या आजीनं जलमभर लोकायच्या अंगनात जमिनीवर बसून दिवस काढले. आता पुतळा कराचा तं तोही जमिनीवरच? बाकी सगळ्या गावात मोठ्या मानसायचे पुतळे उभे हायेत." मग ती ताईंकडे वळली. "तुमी तं आपल्यातल्या, ताई. तुमाले हे कसं सुचलं?"

समितीतल्या कुणीतरी सुचवले की खाली एक पाट दाखवावा, म्हणजे जमिनीवर बसल्यासारखे वाटणार नाही. ताईंनी मान हलवली. "नव्हता तो पाट मी कुठून आनू?" दुसरा म्हणाला, मग सरळ उभा पुतळा करू, आशीर्वादाचा हात वर. ओळखीचा कंत्राटदार आहे, तयार फायबरचे साचे आहेत, पंधरवड्यात देतो. त्यावर वस्तीतली काही तरुण मुले हो म्हणाली, आणि शेतकऱ्यांच्या बाजूचे दोघे-तिघे उठून बाहेर गेले. पुतळाच नको, इथपर्यंत गोष्ट आली होती.

ताईंनी वाद घातला नाही. तिन्ही नमुने पेटीत ठेवत त्या म्हणाल्या, "म्हनून तं नमुना आनला. मोठा करून आनला असता तं तुमी काय केलं असतं? मले थोडा वेळ द्या." आणि संघमित्राला म्हणाल्या, "तुहं बरोबर हाय. मले उत्तर नाई आलं अजून."

परतीच्या वाटेवर जामला एसटी लागायला वेळ होता. ताई हॉटेलच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, उभा नमुना वाईट नाही, तो घेऊ. त्या म्हणाल्या, "उभा कोनाचाही होईन. तो भागाआईचा नाई." त्यांना संघमित्राचे ते वाक्य लागले होते, 'तुमी तं आपल्यातल्या'. ते त्यांनी बोलून दाखवले नाही, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला. चहा टाकलेला मी त्यांना तेवढाच एकदा पाहिला आहे.

पुढच्या आठवड्यात ताई संघमित्राच्या दवाखान्यात गेल्या. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या बाळंतिणींच्या खोलीबाहेर बाकावर बसू लागल्या. संघमित्रा पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोललीच नाही. ताई तिचे हात काढत होत्या: बाळ उचलताना, दुपट्यात गुंडाळताना, मान सावरताना. काही दिवसांनी संघमित्रा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली आणि चित्रे पाहू लागली. त्या दिवशी मीही सोबत होतो.

"आजी असंच धरे," ती म्हणाली. "तिच्यासंगं मी लहानपनी जात होती. तिचा दरारा लय होता ताई."

"जमिनीवर बसून?"

"हाव. एकदा का पाय पसरून बसली की मंग घरातल्या मोठ्या सासूचंही चालत नव्हतं. 'पानी आन. थंड आनलं, गरम आन. तेल कुठी हाय? तू काऊन उभा राह्यला, लाकडं आन.' मालक पयत जाये. पाटलाचा मालकही पयत जाये. ती मागं वळून पाह्येच नाई. नुसता हात असा करे..."

आणि संघमित्राने आपला उजवा हात बाजूला लांब केला, पंजा वर, बोटे किंचित आवळलेली. तिचे तोंड मात्र समोर होते. हात तसाच धरून ती थांबली. ती नुसती आठवण सांगत होती, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच काहीतरी उमगले असावे. ताईंनी कागद उलटला आणि तो हात काढून घेतला. संघमित्राने डबा बंद केला आणि ती कामावर गेली.

चौथा नमुना त्या आठवड्यात झाला. भागाआई जमिनीवरच बसलेली, पाय पसरलेले, पायांवर पालथे बाळ. पण आता डावा हात तेवढा बाळाच्या पाठीवर होता. उजवा हात बाजूला लांब गेला होता, पाणी मागणारा. पाठ ताठ, मान वर. नजर बाळावर नव्हती, समोर होती. आपल्या हातात पाणी येणारच, याविषयी तिला शंका नव्हती.

ताईंनी हा नमुना समाजमंदिरात नेला नाही. त्यांनी बाबारावांना निरोप पाठवला की चौकात यावे. जिथे चौथरा होणार तिथे शाळेची बाके एकावर एक ठेवून, माणसाच्या डोक्याहून उंच, त्यावर नमुना मांडला. "इतकी उंच बसवनार आपन तिले," त्या म्हणाल्या. "बसलेली हाय, पन तिच्याकडं पाहाले प्रत्येकाले मान वर करा लागन." लोक भोवती फिरून पाहू लागले. संघमित्रा उशिरा आली. ती फिरली नाही. तो हात ज्या बाजूला होता त्या बाजूला जाऊन उभी राहिली. नमुना इतका लहान होता की त्या हाताचा पंजा करंगळीच्या नखाएवढा होता.

"पानी मागून राह्यली," ती म्हणाली.

"कोनाले?" ताईंनी विचारले.

संघमित्राने बाबारावांकडे पाहिले. बाबाराव म्हणाले, "आमालेच मागन, अजून कोनाले मागन?" मग ते म्हणाले, "माह्या बापानं पानी आनून देलं असन तिले." त्यावर संघमित्रा म्हणाली, "हाच करा ताई."

यानंतरचे काम मुख्यतः अवजड होते. निम्म्या मापाचा नमुना केला तेव्हा नवी अडचण दिसली. समोरून, खालून पाहताना पसरलेल्या पायांचे तळवे पुढे येऊन बाळ झाकत होते आणि भागाआईचा चेहराही निम्मा जात होता. ताईंनी फळीवरचा चौक पुन्हा मांडला आणि काडेपेट्यांमध्ये नमुना फिरवून पाहिला. शेवटी आकृती रस्त्याला तिरपी बसवायची ठरली. पाय चौकातल्या झाडाच्या पाराकडे, म्हणजे रस्त्याने येणाऱ्याला ती एका बाजूने दिसेल, आणि पाणी मागणारा हात थेट रस्त्यावर येईल. पाय थोडे आखूड केले, डोके किंचित मोठे केले, हात खांद्यापासून थोडा वर उचलला. टेबलाच्या उंचीवर हे सगळे बेढब दिसत होते. समितीचे दोन सदस्य शेडमध्ये येऊन चिंतेत पडले. ताईंनी त्यांना जमिनीवर बसवले, मग त्यांची चिंता मिटली. लांब गेलेल्या हाताला आतून लोखंडाचा वेगळा आधार द्यावा लागला. तो आधार पाठीतून खाली चौथऱ्यापर्यंत नेण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्ण मापाची माती ओल्या पोत्यांखाली ठेवून आम्ही तिच्यावर उन्हाळाभर काम केले. एवढ्या काळात ताईंनी मला एकदाच शाबासकी दिली. हाताचा लोखंडी आधार पक्का बसला त्या दिवशी त्यांनी त्याला लोंबकळून पाहिले, आणि "राहीन" एवढे म्हणाल्या.

अनावरणाच्या आदल्या दिवशी आम्ही गावात पोचलो तेव्हा पाहुण्यांसाठी मंच उभा झाला होता, आणि तो चौथऱ्याच्या बरोबरीने उंच होता. ताई मंचावर चढल्या, तिथून पुतळा पाहिला आणि उतरल्या. बाबारावांना त्यांनी बाजूला घेतले.

"भाऊ, मंच काढा लागते."

"ताई, पाहुने मोठे हायेत. उद्या सकाळी येऊन राह्यले."

"तिथून ती चुकीची दिसते. मी तिले खालून पाहाले केली."

बाबारावांनी मंचाकडे पाहिले, पुतळ्याकडे पाहिले. मांडववाल्याला बोलावून त्यांनी मंच काढायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या जमिनीवर, गावकऱ्यांच्या सतरंज्यांच्या शेजारी होत्या. कुणीतरी पाहुण्यांना कारण सांगितले असावे, कारण त्यांनी हरकत घेतली नाही. फडके निघाले तेव्हा सगळ्या गावाने मान वर केली. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पुढे येऊन उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांच्या घरच्या बायाही त्यांच्यात येऊन मिसळल्या, आणि भागाआईने कुणाच्या घरी कुणाला काय सुनावले होते, याच्या आठवणी एकमेकींना सांगत मोठ्याने हसू लागल्या. भाषणे त्या हसण्यात पुष्कळशी बुडाली. ताई मागे, पुतळ्याच्या पाठीच्या बाजूला, एसटीच्या थांब्यावर बसल्या होत्या.

याच कामातला एक मुद्दा मी सोडू शकत नाही, कारण त्याबाबत माझे आणि ताईंचे आजही मतभेद आहेत. मोठे काम झाले की ताई नमुना पाण्याच्या हौदात टाकतात. माती विरघळते आणि पुढच्या कामाला लागते. त्यांच्या मते नमुना हा कामाला आलेला गडी आहे, काम झाले की त्याला सुटी. माझ्या मते ते नमुने जपले असते तर शिल्प शिकणाऱ्या मुलांना मोठ्या पुतळ्यांपेक्षा त्यांतून अधिक शिकता आले असते. भागाआईचा चौथा नमुना संघमित्राने मागितला होता. ताईंनी तोही हौदात टाकला. तिला वाईट वाटले. पुढे ताईंनी दवाखान्यातली सगळी रेखाटने बांधून तिला पाठवली, तिच्या हातांची. आजीचा नमुना हवा होता आणि स्वतःचे हात मिळाले, असे ती मला म्हणाली. ती रेखाटने तिने चौकट करून दवाखान्यातल्या त्याच बाकावरच्या भिंतीला लावली आहेत.

ताईंच्या गुडघ्यांनी आता परांचीवर चढायला नकार दिला आहे. त्या खाली खुर्चीत बसतात आणि बांबूच्या काठीने वर दाखवतात. वर चढलेली मुले-मुली त्यांची काठी जाईल तिथे माती लावतात किंवा काढतात. रेखाटने आणि नमुने मात्र त्या स्वतःच करतात. सध्या त्यांच्या टेबलावर रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या बायांचा नमुना आहे. कुणी मागितलेला नाही, कुठे बसवायचा ते ठरलेले नाही. त्या बायांच्या पाठींवर त्या गेले कित्येक महिने काम करीत आहेत.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्यांना भेटलो आणि काय लिहू असे विचारले. त्या हात धूत होत्या.

"असे लेख म्या वाचले हायेत," त्या म्हणाल्या. "सगळे मेल्यासारखे लिहितात. 'त्या अशा होत्या, त्या तशा होत्या.' तू 'होत्या' नको लिहू. 'हायेत' लिहिजो."

जुने प्रसंग सांगताना भूतकाळ काही ठिकाणी वापरावा लागला, त्याबद्दल ताईंनी क्षमा करावी. बाकी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहितो. कौसल्याताई आहेत. त्यांची नजर आहे, हात आहेत, बांबूची काठी आहे. डांबराच्या बायांना चौक मिळेपर्यंत, आणि त्यानंतर त्यांच्या मनात येईल ते आणखी एखादे काम, त्यानंतरचे आणखी एखादे पुरे होईपर्यंत त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आम्ही खालून पाहायला आहोतच.